भर्तव्य की अंशभाक्? बीड प्रांतातील विकलांगांच्या पोषणाचा व चिकित्सेचा विचार

१. प्रसंग

गतवर्षीच्या उन्हाळ्यात पाटोदा तालुक्यातील एका खेड्यातून आमचा एक जुना विद्यार्थी व त्याचे दोघे वडील बंधू आमच्या घरी आले. वडिलार्जित जमिनीची वाटणी व्हावयाची होती व वाटणीपत्राचा मसुदा आमच्या हातून लिहून घ्यावा, एवढ्याच हेतूने ते आले होते. विद्यार्थ्याचा डावा पाय बालपणी पोलिओच्या तापाने गेलेला. मसुद्याची कलमे सांगत असता थोरले बंधू सहज म्हणाले, "गुरुजी, धाकट्याला दोन वेळची भाकर आम्ही जन्मभर घालू, कपडालत्ता करू. वाटा घेऊन तो काय करणार? त्याच्याच्याने औत धरवत नाही." या बोलण्यात कपट नव्हते. धाकटाही खाली मान घालून ऐकत होता व त्यास ते अन्यायाचे वाटत आहे, असे त्याच्या मुद्रेवरून दिसले नाही.

आम्ही मात्र लेखणी खाली ठेवली. कारण जे कलम आम्हांस सांगण्यात आले, ते याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागातील एका वचनाचे जणू मराठी भाषांतर होते. ज्या घरात संस्कृताचे अक्षर कधी शिरले नाही, त्या घरात हा निर्णय शब्दशः कसा टिकून राहिला? आणि १९५६ साली जो नियम कायद्याने निःशेष केला, तो सत्तर वर्षांनंतर चालू व्यवहारात कसा उरला? या दोन प्रश्नांतून प्रस्तुत निबंध निघाला आहे.

विकलांगांच्या पूर्वस्थितीविषयी आज दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, आपल्या पूर्वजांनी अंध-पंगूंचा उत्तम प्रतिपाळ केला; ही दैन्यावस्था अलीकडची. दुसरा म्हणतो की, पूर्वी त्यांस कोणी विचारीत नव्हते. जे काही झाले ते नव्या राज्यपद्धतीत झाले. आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धे खरे आहेत. साधनांवरून जे दिसते ते असे की, विकलांगाला अन्न देण्याचे कर्तव्य पूर्वी स्पष्ट होते. त्याला हक्क देण्याचे मात्र नव्हते. आणि त्याच्या चिकित्सेचा भार कोणी वाहावयाचा, याचा निर्णय तर फार उशिरा झाला. अन्न, अंश व चिकित्सा या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याखेरीज या विषयाचा उलगडा होत नाही.

२. शब्दविचार

प्रथम संज्ञांविषयी दोन शब्द. संस्कृतात या अर्थी व्यङ्ग, विकल, हीनाङ्ग हे सामान्य शब्द व अन्ध, बधिर, मूक, पङ्गु, कुणि, कुब्ज हे विशेष शब्द आढळतात. 'पङ्गु' यापासून मराठी पांगळा व पांगुळ. 'अपंग' हा शब्द मात्र 'पंगु' याला 'अ' लावून झाला, अशी समजूत कित्येकांची असते, ती चुकीची होय. तसे असते तर त्याचा अर्थ 'पांगळा नसलेला' असा झाला असता. तो 'अप' व 'अङ्ग' यांवरून आलेला आहे. 'दिव्यांग' हा शब्द सरकारी व्यवहारात २०१५ सालाच्या अखेरीपासून रूढ झाला. आम्ही येथे 'विकलांग' हाच शब्द योजिला आहे. कारण तो संस्कृत ग्रंथांशी व आधुनिक लेखांशी सारखाच जुळतो आणि त्यात स्तुतीही नाही व निंदाही नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनीकुमारांनी विश्पला हिला लोखंडी जंघा बसविली, असा उल्लेख आहे. त्यावरून वैदिक काळी कृत्रिम अवयवांची विद्या पूर्णत्वास गेली होती, असे विधान पुष्कळदा करण्यात येते. परंतु तो देवांच्या अद्भुत कृत्यांच्या मालिकेतील एक उल्लेख आहे. विश्पला ही स्त्री नसून शर्यतीची घोडी होती, असेही मत काही विद्वानांनी मांडले आहे. एका ऋचेवर शस्त्रवैद्यकाचा इतिहास उभारणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. पाय गेलेल्यास पाय मिळावा ही इच्छा पुरातन आहे, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

३. स्मृतींचा निर्णय

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायविभागास अपात्र अशांची यादी दिली आहे. तीत जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक व इंद्रियहीन यांचा समावेश होतो. त्यापुढेच आज्ञा आहे की, या सर्वांना शहाण्या मनुष्याने यथाशक्ति आमरण अन्नवस्त्र द्यावे. न देणारा पतित होतो. याज्ञवल्क्याने यादीत पंगु व असाध्य रोगाने ग्रस्त यांची स्पष्ट भर घातली आणि दोन शब्दांत त्यांची स्थिती ठरविली : ते 'निरंशक' होत, व ते 'भर्तव्य' होत. अंश नाही, भरणपोषण आहे. अर्थशास्त्रातही कौटिल्याचा निर्णय याच दिशेचा आहे. शिवाय बालक, वृद्ध, रोगी व अनाथ यांचे पोषण राजाने करावे असे तो जनपदनिवेशाच्या प्रकरणात सांगतो.

बीड प्रांताच्या दृष्टीने याज्ञवल्क्याहूनही महत्त्वाची त्यावरील मिताक्षरा टीका होय. विज्ञानेश्वराने ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीवर लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. बीड, अंबाजोगाई व धारूर हा मुलूख त्या काळी याच चालुक्यांच्या सत्तेत होता. तेव्हा मिताक्षरा हा आमच्या प्रांताला कोणी परका ग्रंथ नव्हे; शेजारच्या राजधानीत झालेला तो निर्णयग्रंथ आहे, व पुढे सात-आठ शतके दक्षिणेतील पंचांनी व शास्त्र्यांनी वाटणीचे तंटे त्याच्या आधारे तोडले.

विज्ञानेश्वराने मूळ वचन आहे तसे ठेवूनही त्याची धार बरीच कमी केली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो म्हणतो की, व्यंग हे वाटणीच्या पूर्वीचे असले तरच अंश जातो. वाटणी झाल्यावर जो विकल झाला, त्याच्या हातचा वाटा कोणी काढून घेऊ नये. दुसरे असे की, औषधादि उपायांनी दोष वाटणीनंतर दूर झाला, तर त्याला आपला अंश परत मिळावा. तिसरे, विकलांगाचा पुत्र निर्दोष असेल तर तो अंशभाक् होतो. मुलींचे पोषण त्यांच्या विवाहापर्यंत व निपुत्रिक सदाचारी पत्नीचे पोषण आमरण करावे. चौथे असे की, हा नियम पुरुषांपुरता नाही. पत्नी, कन्या, माता यांनाही तो लागू होतो. या चौथ्या मुद्द्याने मात्र विकल स्त्रीचे दुहेरी नुकसान झाले : आधीच तिचा अंश तुटपुंजा, व त्यातही व्यंगाची आडकाठी.

यांपैकी दुसऱ्या मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. 'असाध्य' हा शब्द स्मृतिकाराने घातला व औषधाने दोष गेल्यास अंश मिळतो असे टीकाकाराने म्हटले; त्याबरोबर वारसाहक्काचा प्रश्न वैद्यकाशी बांधला गेला. रोग साध्य की असाध्य हे ठरवावयाचे कोणी? वैद्याने. वैद्याला बोलवावयाचे कोणी, व औषधाचा खर्च सोसावयाचा कोणी? कुटुंबाने, म्हणजे ज्या भाऊबंदांचा वाटा त्या मनुष्याच्या बरे होण्याने कमी होणार, त्यांनीच. धर्मशास्त्राने 'भर्तव्य' या पदात अन्न व वस्त्र यांचा निर्देश केला, पण चिकित्सेचा स्पष्ट निर्देश केला नाही. ही उणीव लहान दिसली तरी तिचे परिणाम लांबवर पोचले.

४. हेमाद्री व आरोग्यदान

चिकित्सेचा विचार आपल्या परंपरेत मुळीच नव्हता, असे मात्र नाही. तो वेगळ्या प्रकरणात आहे. देवगिरीचे यादव महादेव व रामचंद्र यांच्या पदरी श्रीकरणाधिप असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'चतुर्वर्गचिन्तामणि' हा प्रचंड ग्रंथ रचिला. त्याच्या दानखंडात नंदिपुराणाच्या आधाराने आरोग्यदानाचे वर्णन आहे. उत्तम औषधांनी व उपकरणांनी युक्त अशी आरोग्यशाळा बांधावी, तीत शास्त्रज्ञ व अनुभवी वैद्य नेमावा व रोग्यांस तेथे उपचार मिळावेत. सर्व पुरुषार्थांचे साधन शरीर असल्यामुळे आरोग्य देणाऱ्याने सर्व काही दिले असे होते, हा त्या प्रकरणाचा आशय होय. हाच हेमाद्री वाग्भटाच्या अष्टांगहृदयावरील 'आयुर्वेदरसायन' टीकेचा कर्ता आहे. म्हणजे वैद्यक जाणणारा एक मुत्सद्दी, बीडपासून फार दूर नसलेल्या राजधानीत बसून, रोग्यांच्या शाळेचा विधी लिहीत होता.

परंतु विधी म्हणजे वृत्तांत नव्हे. दानखंडात असे सांगितले म्हणून यादवांच्या मुलखात गावोगाव आरोग्यशाळा होत्या, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. अंबाजोगाई येथे सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आहेत व त्याच्या घराण्याच्या देवालयनिर्मितीची साक्ष ते देतात. आरोग्यशाळेचा प्रत्यक्ष व तपशीलवार पुरावा पाहावयाचा तर दक्षिणेस तामिळ देशात जावे लागते. तिरुमुक्कूडल येथील वीरराजेंद्र चोळाच्या, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील लेखात पंधरा खाटांचे रुग्णालय, वैद्य, शस्त्रवैद्य, शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया व औषधांचा साठा यांची नोंद आहे. त्यावरून आरोग्यशाळा ही केवळ पुराणातील कल्पना नव्हती, इतके सिद्ध होते. पण ती देवालयाशी संलग्न होती व दात्याच्या इच्छेवर अवलंबून होती, हेही त्यावरूनच दिसते.

दान व हक्क यांतील भेद येथे उघड होतो. दान देणाऱ्याला पुण्य लाभते व घेणाऱ्याला औषध मिळते. पण दात्याने दिले नाही तर घेणाऱ्याला कोठे दाद मागता येत नाही. अन्नवस्त्राच्या बाबतीत स्मृतीने निदान न देणाऱ्याला पतित ठरविले. चिकित्सा न देणारा कोणीच पतित होत नव्हता.

जेथे वैद्य नव्हता तेथे देव होता. परळीच्या ज्योतिर्लिंगाचे नावच वैद्यनाथ. समुद्रमंथनातून निघालेले अमृत व धन्वंतरी ही दोन रत्ने विष्णूने या लिंगात ठेविली, अशी तेथील कथा आहे व भाविकाला लिंगास स्वहस्ते स्पर्श करता येतो, ही तेथील रीत आहे. अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात या देवालयाचा जीर्णोद्धार केला. रोगी, अंध व पंगू यांनी अशा स्थानी येऊन पडून राहावे, यात्रेकरूंच्या दानावर व अन्नछत्रावर दिवस काढावे, हा महाराष्ट्रातील सर्वच क्षेत्रांचा जुना प्रघात. ज्यांना घर 'भर्तव्य' मानीत नसे, त्यांचे भरण क्षेत्र करीत असे.

५. मराठेशाही : 'जखम पाहून'

मराठ्यांच्या राज्यात एक नवे तत्त्व दिसू लागते, ते असे की, चाकरीत अंग गमावलेल्या मनुष्याचे सरकार देणे लागते. सभासद बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरचा जो मजकूर आहे, त्यात महाराजांनी जखमी लोकांस दोनशे, शंभर, पन्नास व पंचवीस होनांपर्यंत द्रव्य जखम पाहून दिले; मेलेल्यांच्या पुत्रांस चालविले व ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांस अर्धे वेतन करून दिले, असे सांगितले आहे. पेशवाईत लढाईत पडलेल्यांच्या मुलांबाळांसाठी 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक होत असे, हे दप्तरांतून सर्वश्रुत आहे. 'जखम पाहून' या दोन शब्दांत हानीची प्रतवारी करून तीप्रमाणे साह्य देण्याचे तत्त्व आलेले आहे. आजच्या टक्केवारीच्या प्रमाणपत्राचा तो पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

याच काळातील दुसरा कागद रांझ्याच्या पाटलाचा. १६४६ सालच्या त्या पत्राप्रमाणे मुकादम बाबाजी गुजर याचे बदअमलाबद्दल हातपाय तोडण्यात आले व पुढे त्याच्याच गोतातील सोनजी गुजर याने त्याचा परामर्श घेण्याचे पत्करल्यावर त्याच्या हवाली करून पाटिलकी त्यास दिली. शिवचरित्राच्या दृष्टीने या पत्राची चर्चा पुष्कळ झाली आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील उत्तरार्ध महत्त्वाचा : राज्यसत्तेने ज्याला शिक्षा म्हणून विकल केले, त्याच्याही पोषणाची सोय लावावी लागली व ती सोय वतनाशी जोडली गेली. वतन चालवील तो विकलाला पोसील. मिताक्षरेतील 'भर्तव्य' हे पद व्यवहारात कसे चालत असे, याचे हे उत्तम उदाहरण होय. रांझे पुणे प्रांतातील असले तरी गोत व वतन यांची ही रीत बीडकडेही वेगळी नव्हती.

तिसरे उदाहरण थेट बीडशी निगडित आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर महादजी शिंद्यांच्या पायास जबर जखम झाली. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांस उचलून सुरक्षित स्थळी आणिले, व तो पाय जन्माचा अधू झाला. त्यानंतर १७९४ पर्यंत, तेहेतीस वर्षे, या लंगड्या पुरुषाने हिंदुस्थानचे राजकारण हालविले. बीडच्या मन्सूरशहा या फकिरावर महादजींची अपार श्रद्धा होती व शिंदे घराण्याने ती पुढेही राखिली. त्यांचा दर्गा बीड शहरात आहे. शिंद्यांच्या सरदारीसाठी जो झगडा झाला, त्यात महादजींविरुद्ध मुख्य आक्षेप त्यांच्या जन्मासंबंधी होता. तलवारीच्या जखमेने आलेले व्यंग हे सरदाराला भूषण झाले. त्याच प्रांतातील कुणब्याच्या मुलाला तापाने आलेले तसलेच व्यंग वाटणीतून उठविण्यास पुरेसे झाले. राणेखान व पालखी ज्याला लाभली त्याचा पाय आड आला नाही. व्यंग मनुष्यास किती अडविते, हे त्याला साह्य किती मिळते यावर ठरते, ही आज नवी म्हणून सांगितली जाणारी गोष्ट आमच्याच इतिहासात दोनशे वर्षांपूर्वी दिसते.

६. निजामी अंमल व दूरच्या संस्था

पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजी मुलखात न्यायालयांनी मिताक्षरेचा अर्थ आणखी संकुचित केला; आंधळेपणा, मुकेपणा, बहिरेपणा हे जन्मजात व असाध्य असले तरच वारसा बुडतो, असे मत स्थिर होत गेले. अखेर १९२८ च्या बाराव्या अधिनियमाने जन्मापासूनचा वेड व जडत्व एवढे वगळून इतर सर्व व्यंगे वारशास आड येणार नाहीत, असे ठरविले. परंतु तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, आणि बीड निजामाच्या मुलखात होते.

संस्थांची स्थितीही तीच. मुंबईत मुक्या-बहिऱ्यांसाठी १८८५ च्या सुमारास शाळा निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथेच अंधांच्या शाळा निघाल्या. पुण्यात १९३४ साली अंधशाळा व १९४४ साली, महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी, कृत्रिम अवयवांचे केंद्र स्थापन झाले. यांतील शेवटच्या संस्थेचा उगमही पुन्हा 'जखम पाहून' याच तत्त्वात आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी येईलच. बीडपासून पुणे दोनशे किलोमीटरांहून अधिक व मुंबई त्याच्याही पलीकडे. मधे राज्याची सरहद्द. मोमिनाबाद, म्हणजे आजची अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिंजंटाची छावणी होती. पण छावणीचे वैद्यक हे छावणीसाठी असावयाचे. खेड्यातील पांगळ्याला घरची भाकर किंवा वैद्यनाथाची पायरी, याखेरीज तिसरे स्थान नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी सत्ता संपली. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच १९५६ सालच्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमाने रोग, दोष वा व्यंग या कारणावरून कोणीही वारशास अपात्र ठरणार नाही, असे निरपवाद सांगितले. याज्ञवल्क्याचा 'निरंशक' त्या दिवशी 'अंशभाक्' झाला. पुढे १९७५ च्या सुमारास अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले व त्यास स्वामी रामानंद तीर्थांचे नाव देण्यात आले. स्वामीजी संग्रामापूर्वी याच गावी योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. खेड्यापाड्यांच्या मधोमध महाविद्यालयाचे रुग्णालय उभे राहणे, ही या प्रांताच्या चिकित्सेच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय.

७. प्रमाणपत्राचा काळ

यापुढील कायद्यांची जंत्री थोडक्यात अशी : १९८० मध्ये महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९९५ मध्ये विकलांगांच्या समान संधीचा पहिला केंद्रीय अधिनियम, ज्यात सात प्रकार मानिले होते, २०१६ मध्ये त्याच्या जागी नवा अधिनियम, ज्यात एकवीस प्रकार आहेत, आणि २०२२ च्या डिसेंबरात राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग. १९८० चे अनुदान हे 'भर्तव्य' या पदाचेच आधुनिक रूप. फरक एवढाच की, भरणाचा भार भाऊबंदांवरून काही अंशी सरकारवर आला. २०१६ च्या अधिनियमाचे पंचविसावे कलम मात्र खरोखर नवे आहे. विकलांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेस अधीन राहून, त्यांच्या निकट विनामूल्य आरोग्यसेवा मिळावी, तिच्या सर्व स्थानी अडथळ्यावाचून प्रवेश असावा व उपचारात त्यांस अग्रक्रम मिळावा, असे त्यात आहे. हेमाद्रीच्या दानाचे येथे प्रथमच देण्यात, म्हणजे कर्जात, रूपांतर झाले.

तथापि या सर्व सोयींचे द्वार एकच आहे, ते म्हणजे प्रमाणपत्र. चाळीस टक्के व्यंग असल्याचा वैद्यकीय निर्णय झाल्यावाचून बहुतेक लाभ मिळत नाहीत. खोट्या प्रमाणपत्रांचे प्रकार होतात, म्हणून परीक्षा कसून व्हावी, हे आम्हांस मान्य आहे. पण परीक्षेची जागा, दिवस व खर्च यांचा विचार त्याच कसोशीने झालेला नाही.

आमच्या विद्यार्थ्याबरोबर आम्ही स्वतः या कामी तीन खेपा केल्या. स्थळाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. पहिल्या खेपेस अस्थिरोगाचे वैद्य रजेवर होते. दुसऱ्या खेपेस आधार-पत्रावरील नावाचा एक काना शाळेच्या दाखल्याशी जुळेना; तो दाखला आमच्याच अक्षरातील होता, ही गोष्ट आम्ही मुकाट्याने गिळली. तिसऱ्या खेपेस परीक्षा झाली. पण ज्या खोलीत कागद द्यावयाचे ती जिन्याच्या वर होती. ज्याचे पाय अधू आहेत की नाहीत हे तपासावयाचे, तो दोन्ही हात पायऱ्यांवर टेकून, बसत बसत वर चढला. आम्ही मागून त्याची कुबडी घेऊन चढलो. वर पोचल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, हा जिना चढलो म्हणून टक्के कमी तर करणार नाहीत ना?" त्याने ते हसत विचारले, पण आम्हांस हसू आले नाही. प्रत्येक खेपेस त्याचा व सोबत्याचा, असे दोन रोजगार बुडाले, हे वेगळेच.

बीड जिल्ह्याची रचना लक्षात घेतल्यास ही एकट्याची कथा नाही, हे कळून येईल. जिल्हा पूर्व-पश्चिम लांबट, तालुके अकरा. वैद्यकीय महाविद्यालय पूर्वेकडे अंबाजोगाईस, जिल्ह्याचे ठाणे मध्यावर बीडला, आणि आष्टीच्या मनुष्याला तर बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ. रेल्वे दीर्घकाळ परळीच्या बाजूसच होती. बीड शहरास अहिल्यानगराहून गाडी आली ती २०२५ च्या सप्टेंबरात. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे एकोणतीस लक्ष त्रेसष्ट हजार विकलांग होते; बीड जिल्ह्याची एकंदर वस्ती त्या वर्षी पंचवीस लक्ष पंच्याऐंशी हजार होती. म्हणजे राज्यातील विकलांगांचा एक जिल्हा केला तर तो बीडहून मोठा होईल.

त्यात ऊसतोडीची भर. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात व उन्हाळा लागल्यावर परततात. २०१३ पासून अंगणवाड्यांतील व शाळांतील बालकांची आरोग्यतपासणी करून जन्मजात व्यंगे वेळीच हेरण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे; योजना उत्तम. पण तपासणीचे पथक गावात येते तेव्हा मूल जर उसाच्या फडावरील पालात असेल, तर त्याचा वाकडा पाय वा बंद कान कोणाच्या नोंदीत येणार? जन्मतःचा वाकडा पाय पहिल्या काही महिन्यांत साच्यात बांधून पुष्कळसा सरळ होतो. तोच काळ फडावर गेला की साध्य व्यंग असाध्य होते. विज्ञानेश्वराने 'असाध्य' व 'साध्य' यांत जी रेघ ओढली, ती आज अशा रीतीने ऊसतोडीच्या हंगामाने ओढली जाते. फडावर जाता न येणारा विकलांग नातेवाईक मागे गावात राहतो तो म्हाताऱ्यांच्या हवाली. त्याला तपासणीस नेणारे हात सहा महिने गावात नसतात.

८. निष्कर्ष

एकंदर विवेचनावरून आमचे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे. विकलांगाला अन्न देण्याची परंपरा या प्रांतात जुनी व बळकट आहे. तिचा उपहास करण्याचे कारण नाही, कारण इतर काहीच नव्हते त्या शतकांत तिनेच माणसे जगविली. पण याच परंपरेने त्याला कायमचे आश्रित ठेविले. आणि कायदा पालटल्यावरही 'भाकर घालू, वाटा कशाला' हे वाक्य घरोघर उरले. चिकित्सा प्रथम दान होती, मग चाकरीतील जखमेचा मोबदला झाली, व शेवटी कायद्याने हक्क झाली. त्या हक्काचे कलम 'निकट' हा शब्द उच्चारते; तो शब्द खरा व्हावयाचा तर परीक्षक वैद्यांनी ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी जावे, कागदाची खोली तळमजल्यावर असावी, आणि ऊसतोडीस जाणाऱ्या गावांत तपासणी दसऱ्यापूर्वी व परतल्यानंतर अशी दोनदा व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही.

वाटणीपत्राचे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. आम्ही तिघा बंधूंस याज्ञवल्क्याचे वचन, मिताक्षरा व १९५६ चे कलम ही तिन्ही क्रमाने समजावून सांगितली. थोरल्याने बराच वेळ विचार करून विचारले, "म्हणजे गुरुजी, एवढी वर्षं शास्त्रच तसं होतं?" आम्ही होय म्हटले. "आणि आता नाही?" नाही म्हटले. मग जमिनीचे तीन सारखे भाग झाले व विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही तीन ठरल्या. धाकटा आपला भाग बटाईने मधल्यास लावतो व स्वतः गावात शिलाईचे यंत्र चालवितो. ते यंत्र हाताने फिरविण्याचे आहे. प्रमाणपत्र चौथ्या महिन्यात आले.

बीड प्रांतातील जुन्या घराण्यांत वाटणीपत्रे, महजर व निवाडे यांचे कागद अद्याप पुष्कळ आहेत. त्यांत अंध, पंगू वा वेडसर भाऊबंदांच्या 'पोटगी'ची कलमे क्वचित आढळतात. जमिनीच्या व मानपानाच्या तंट्यांकडे पाहताना अभ्यासकांची दृष्टी या कलमांवरून सहज निसटते. अशी कलमे ज्यांच्या संग्रही असतील, त्यांनी त्यांच्या नकला मंडळाकडे पाठविण्याची कृपा करावी, अशी आमची विनंती आहे.